'सेलम्स लॉट' (१९७९) पुन्हा पाहताना: नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची, आणि खिडकीचा प्रसंग अजून अंगावर का येतो?

कातरवेळ

स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५) पुन्हा वाचून संपली, आता टोबी हूपरची १९७९ची दोन भागांची मालिका परत पाहायची आहे. जाणकारांना काही प्रश्न:

१. लांबीचा घोळ काही केल्या सुटत नाही. कुठे १८४ मिनिटं, कुठे १७६, कुठे ११२, तर कुठे १०७. यातली अखंड कोणती आणि कापलेली कोणती?

२. खिडकीबाहेर तरंगणारी मुलं. एवढी वर्षं झाली, डिजिटल करामतींनी डोळे विटले, तरी हा प्रसंग जुना का होत नाही? तो घेतला कसा होता?

३. कादंबरीतला बार्लो, म्हणजे गावात आलेला मुख्य व्हँपायर, बोलघेवडा आहे, नायकांना पत्रसुद्धा लिहून ठेवतो. मालिकेत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. हा बदल पचतो का?

४. कादंबरी ताजी असताना पाहायला बसलो तर कशाची वाट पाहू नये?

कथा उघड झाली तरी चालेल. ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

---

जुनं_रीळ

पहिला प्रश्न आधी, कारण चुकीची प्रत हाती लागली तर पुढच्या तिन्ही उत्तरांना अर्थ राहत नाही.

मुळात आवृत्त्या दोनच. सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर १७ आणि २४ नोव्हेंबर १९७९ अशा लागोपाठच्या दोन शनिवारी जे दाखवलं ते जाहिराती वगळून १८४ मिनिटांच्या आसपास भरतं. युरोपातल्या चित्रपटगृहांसाठी त्याचंच ११२ मिनिटांचं संकलन केलं गेलं. पुढे व्हिडिओ कॅसेटवर बरीच वर्षं हेच छोटं संकलन फिरत होतं, त्यामुळे अनेकांच्या आठवणीतली मालिका ही खरं तर सव्वा तास कापलेली मालिका आहे.

उरलेले दोन आकडे म्हणजे वेगाचा खेळ. चित्रीकरण सेकंदाला २४ चौकटींनी झालंय. पाल पद्धतीच्या (युरोपातल्या टीव्हीच्या) डीव्हीडीवर तेच २५ चौकटींनी पळतं, म्हणजे सुमारे ४ टक्के जलद. १८४ ला २४ ने गुणून २५ ने भागा: १७६ आणि वर थोडं. ११२ चं तसंच करा: १०७ आणि वर थोडं. म्हणून १७६ दिसलं तर घाबरू नका, काहीही कापलेलं नाही. आवाज मात्र जेमतेम अर्ध्या स्वराहून कमी चढतो, आणि बार्लोचा माणूस स्ट्रेकर झालेल्या जेम्स मेसनच्या आवाजावर हा अन्याय आहे. पर्याय असेल तर २४ चौकटींची ब्लू-रे घ्या (२०१६ची, तिच्यावर हूपरचं स्वतःचं निवेदनही, म्हणजे कॉमेंटरी, आहे). पहिल्या फेरीत निवेदन बंद ठेवा.

छोट्या आवृत्तीत जास्तीचंही थोडं आहे. कली सॉयर आपल्या बायकोला लॅरी क्रॉकेटबरोबर पकडतो तो प्रसंग आठवा. दूरचित्रवाणीवर क्रॉकेट बंदुकीची नळी चेहऱ्यासमोर धरतो. चित्रपटगृहाच्या संकलनात ती नळी थेट तोंडात आहे. तेवढ्यासाठी ७२ मिनिटांचा व्यवहार परवडणारा नाही.

आता पडद्याची मांडणी. मालिका ४:३ साठी रचलेली आहे. डाव्या-उजव्या बाजूच्या काळ्या पट्ट्या खटकतात म्हणून कुणी 'झूम' करून १६:९ पडदा भरतो, आणि चित्राच्या उंचीचा बरोबर चौथा हिस्सा गमावतो. इथे ही उंचीच कामाची आहे. टेकडीवरचं घर आणि खाली पसरलेलं गाव, जिन्याच्या वरच्या टोकाला उभा स्ट्रेकर, खिडकीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत मावणारं मूल: सगळी रचना उभी आहे. कपाळ कापलं गेलेलं भूत घाबरवत नाही.

टीव्हीवर तीन गोष्टी बंद करा.

हालचाल गुळगुळीत करणारी सोय (मोशन स्मूदिंग) सगळ्यात आधी. ती दोन चौकटींच्या मध्ये खोट्या चौकटी घालते, आणि तरंगण्याच्या प्रसंगातला विचित्र अडखळलेपणा नेमका तिथेच पुसला जातो. हा अडखळलेपणा मुद्दाम साधलेला आहे, त्यावर दुसरं कुणी लिहील.

मग आपोआप कॉन्ट्रास्ट बदलणारी सोय. धुक्याचे प्रसंग निळ्या-करड्या छटांच्या फार जवळच्या पायऱ्यांवर उभे आहेत. ही सोय चालू असली की धुक्याला पट्टे पडतात.

आणि आवाजाचा 'नाइट मोड'. तो हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली आणतो. काचेवरच्या नखांचा आवाज आणि हॅरी सुकमनचं वाद्यवृंदाचं संगीत एका पातळीवर आलं की बसवलेला सगळा डाव मोडतो. मूळ ध्वनिपट मोनो आहे, तो मोनोच ऐका. कृत्रिम सराउंडने नखांचा आवाज खोलीभर पसरतो, आणि ती नखं खिडकीवर आहेत हेच विसरायला होतं.

---

पारावरचा_मुंजा

वरच्या प्रतिसादाला +१. आता खिडकी.

साधारण कल्पना अशी असते की मुलांना तारांनी टांगलं असेल. निर्माता रिचर्ड कोब्रिट्झला तारा नको होत्या, कारण त्या बहुतेक वेळा दिसतातच. मुलाला क्रेनच्या लांब हातावर बसवलं गेलं. आधार अंगामागे, कपड्यांच्या आत. कॅमेरा समोर, हात मुलाच्या पाठीमागे, आणि उरलेलं धुक्यानं झाकलेलं. याचा दिसणारा परिणाम असा: तारेवरचं शरीर लंबकासारखं थोडं तरी झुलतं, हातपाय वजनानं लोंबतात. क्रेनवरचं शरीर झुलत नाही. ते एकसंध पुढे सरकतं, वजन नसल्यासारखं. तुम्हाला कारण कळत नाही, पण डोळ्याला ते चुकीचं वाटतं.

त्यावर दुसरी युक्ती म्हणजे हे तुकडे उलट्या दिशेनं चित्रित केले आणि मग उलटे फिरवले. मूल खिडकीपासून मागे जाताना टिपायचं आणि दाखवताना ते खिडकीकडे येताना दाखवायचं. एकदा तो प्रसंग फक्त धुक्याकडे बघून पाहा, मुलाकडे अजिबात लक्ष देऊ नका. धूर पसरायच्या ऐवजी गोळा होतो, मुलाच्या अंगाकडे ओढला जातो. हातांच्या हालचालीही तशाच: वेग जिथे संपायला हवा तिथे सुरू होतो. हे मेंदूला कळतं, नाव मात्र देता येत नाही. म्हणून वर जे मोशन स्मूदिंगबद्दल लिहिलंय ते गांभीर्यानं घ्या.

डोळ्यांची चमक कॉन्टॅक्ट लेन्सची. त्या फार तर १५ मिनिटं घालता येत आणि मग अर्धा तास डोळ्यांना विश्रांती द्यावी लागे. व्हँपायरचे जवळून घेतलेले तुकडे इतके मोजके का आहेत याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे. चमकणारे डोळे एक-दोन सेकंद दिसतात, मग लगेच घाबरलेल्या माणसाचा चेहरा. गरजेतून आलेली काटकसर, पण फायदा आपला.

एक मोठं कारण तंत्राबाहेरचंही आहे. दूरचित्रवाणीवर तेव्हा रक्त फार दाखवता येत नव्हतं, आणि मुलांच्या बाबतीत तर हात आणखी बांधलेले. मग हूपरने भीती दातांवर न ठेवता आमंत्रणावर ठेवली. व्हँपायरला आत यायला घरातल्याची परवानगी लागते, हा नियम जुनाच. इथे दिग्दर्शक त्या नियमाला वेळ देतो. व्हँपायर झालेला राल्फी ग्लिक भावाच्या, डॅनीच्या, खिडकीशी येतो, हसतो, काच खरवडतो. डॅनी उठतो, चालत जातो, खिडकी उघडतो. चावा जेमतेम दिसतो. सगळी भीती पलंग ते खिडकी या पाच-सहा पावलांत आहे, आणि प्रत्येक पावलाला आपल्याला वाटतं की आता तरी हा थांबेल.

मग तोच डॅनी गावातल्या मार्क पेट्री या मुलाच्या खिडकीशी येतो आणि हिशेब फिरतो. मार्कची खोली राक्षसांच्या प्लास्टिक प्रतिकृतींनी भरलेली आहे. त्यातल्याच एका स्मशानाच्या प्रतिकृतीतला क्रूस तो उपसतो. कादंबरीतही हे असंच आहे. ज्या छंदाला मोठी माणसं पोरखेळ म्हणतात त्यानंच मुलगा वाचतो, कारण गावात नियम माहीत असलेला तो एकटाच आहे. दोन्ही प्रसंग लागोपाठ नाहीत, पण पाहताना त्यांना जोडीनं धरा. पहिल्यात नियम न समजलेलं मूल, दुसऱ्यात समजलेलं.

अवांतर: मढं ठेवण्याच्या खोलीतला मार्जोरी ग्लिकचा (त्या भावांच्या आईचा) प्रसंगही याच मापानं पाहण्यासारखा. नायक बेन (डेव्हिड सोल) जीभ दाबायच्या दोन लाकडी पट्ट्या चिकटपट्टीनं बांधून क्रूस करतो. चादर हलायला लागल्यावर हात थरथरत असताना ते बांधकाम चाललेलं आहे, आणि प्रसंगाची घडी त्या चिकटपट्टीच्या गतीनं चालते. मार्जोरीचं काम करणारी क्लॅरिसा के ही जेम्स मेसनची पत्नी.

---

अडगळ

तिसऱ्या-चौथ्या प्रश्नावर लिहितो. वरच्या दोघांइतका मी या मालिकेवर खूश नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बार्लोचा बदल कुठून आला ते पाहू. कादंबरीत तो सुसंस्कृत, उपहास करणारा, रक्त मिळेल तसा तरुण होत जाणारा माणूस आहे. मालिकेत रेजी नॉल्डर: टक्कल, निळसर पांढरी कातडी, पुढचे दोन दात उंदरासारखे. हे सरळ मुर्नाऊच्या १९२२च्या मूकपटातल्या काउंट ऑरलॉकचं रूप आहे. कोब्रिट्झला देखणा, गोड बोलणारा व्हँपायर नको होता. त्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. १९७९ मध्येच फ्रँक लँगेलाचा रुबाबदार ड्रॅक्युला आला, ड्रॅक्युलाची टर उडवणारा एक विनोदी चित्रपटही आला. गोड बोलणाऱ्यांचा बाजार भरला होता. (त्याच वर्षी हेर्त्झोगनेही मुर्नाऊचा चित्रपट नव्यानं केला, म्हणजे टकलूंचीही टंचाई नव्हती.)

रूप म्हणून ते कामी येतं. कोठडीत नेड टेबेट्ससमोर तो चेहरा उगवतो तेव्हा दचकायला होतंच. किंमत पटकथेला मोजावी लागते. बार्लो मुका झाला की त्याचं सगळं बोलणं स्ट्रेकरकडे जातं. मेसन ते इतकं सफाईनं करतो की तो मालक आणि बार्लो त्याचं पाळलेलं जनावर वाटायला लागतं. पेट्रींच्या स्वयंपाकघरातला प्रसंग घ्या. बार्लो येतो, मार्कच्या आईवडिलांची डोकी एकमेकांवर आपटून त्यांना मारतो. फादर कॅलहन क्रूस घेऊन उभा. कादंबरीत इथे बार्लो स्वतः सौदा करतो: क्रूस टाक, तुझी श्रद्धा माझ्यासमोर उभी कर, मी पोराला सोडतो. पोराला तो सोडतोही. पण कॅलहनला क्रूस टाकवत नाही. तो श्रद्धेला न धरता लाकडाला धरून राहतो, म्हणून त्या लाकडातला उजेड जातो. मग बार्लो त्याला स्वतःचं रक्त प्यायला लावतो. बाटलेला कॅलहन स्वतःच्याच चर्चच्या दारात भाजतो आणि बस पकडून गाव सोडतो.

मालिकेत हाच सौदा स्ट्रेकर दुभाष्यासारखा मांडतो, बार्लो फक्त गुरगुरतो, आणि कॅलहनचं पुढे काय होतं हे मालिकेला जणू आठवतच नाही. किंगच्या पुस्तकातला सगळ्यात खोल पराभव दोन मिनिटांत आटोपतो. हे काही निर्बंधांमुळे झालेलं नाही. रक्त पाजणं दाखवता येत नसेल, मान्य. चर्चच्या दाराला हात लावल्यावर बसलेला चटका दाखवायला कुणी अडवलं होतं?

आता चौथा प्रश्न: कशाची वाट पाहू नये. गावाची. कादंबरीचे तीन भाग, आणि त्यात मधूनमधून फक्त गावावर लिहिलेली प्रकरणं येतात. तासागणिक, घराघरातून. कचराडेपोवरचा डड रॉजर्स, शाळेच्या बसचा चालक चार्ली ऱ्होड्स, मॅकडूगल जोडप्याचं तान्हं मूल. यातलं कुणी मालिकेत नाही. तान्ह्या मुलाचा भाग त्या काळी दूरचित्रवाणीवर येणं शक्यच नव्हतं, ते सोडा. खरं नुकसान लॅरी क्रॉकेटचं झालंय. पुस्तकात हा घरजमिनीचा दलाल स्ट्रेकरला मार्स्टन हाउस (टेकडीवरचं ते घर) आणि जुनी धुलाईची इमारत १ डॉलरला विकतो, कारण बदल्यात त्याला दुसरीकडच्या मोक्याच्या जमिनीचे कागद मिळतात. गिऱ्हाइकाचा हेतू काय, हे तो विचारत नाही. म्हणजे व्हँपायर यायच्या आधीच गाव विकलं गेलंय, रीतसर खरेदीखत करून. मालिकेत क्रॉकेट हा दुसऱ्याच्या बायकोकडे जाणारा एक लंपट इसम एवढाच उरतो. फ्रेड विलार्डसारखा विनोदाची उत्तम जाण असलेला नट हाताशी असताना!

पात्रांच्या नावांत गोंधळू नका म्हणून: पुस्तकातला शिक्षक मॅट बर्क इथे जेसन बर्क झालाय (लू एअर्स). डॉक्टर जिमी कोडी आणि सुझनचे वडील या दोघांचा मिळून एक डॉ. बिल नॉर्टन केलाय (एड फ्लँडर्स). बॉनीचा नवरा रेजी सॉयर इथे कली, आणि तिचा प्रियकर कोरी ब्रायंटच्या जागी क्रॉकेट.

---

पारावरचा_मुंजा

@अडगळ, कॅलहनबद्दल वाद नाही. ते अर्धवटच राहिलंय.

मुक्या बार्लोबद्दल मात्र सहमत नाही. पुस्तकातला बार्लो जितका बोलतो तितका तो मला लहान वाटतो. पत्र वाचताना तर तो नाटक कंपनीतला खलनायक होतो. मालिकेत तो रोगराईसारखा आहे. साथीला म्हणणं नसतं. तिचं बाजारात जे काम करायचं ते माणूसच करतो: जागा घेणं, दुकान थाटणं, पोलिसाशी अदबीनं बोलणं. मालक कोण आणि नोकर कोण हा तुमचा आक्षेप मला उलट मालिकेचा गुण वाटतो. दुकानाच्या काउंटरमागे उभा, उंची कपड्यातला, सभ्य स्ट्रेकर: गावाला नेमका हाच दिसतो, आणि याच्याशीच व्यवहार होतात.

नॉल्डरच्या निवडीबद्दलही एक गोष्ट. त्याच्या तोंडाभोवती भाजल्याचे खरे व्रण होते. हिचकॉकच्या १९५६च्या चित्रपटातला अल्बर्ट हॉलमधला मारेकरी तो हाच. मेकअप उतरवला तरी तो चेहरा सहज विसरता येत नाही, त्यामुळे रंगाखाली काहीतरी जिवंत हलतं.

---

जुनं_रीळ

वाद चालू द्या, मी घरात शिरतो. मार्स्टन हाउसकडे दुसऱ्यांदा पाहताना जास्त मिळतं.

गोष्ट मेन राज्यातली, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातल्या फर्नडेलमध्ये. व्हिक्टोरियन धाटणीच्या घरांचं छोटं गाव, म्हणून ते न्यू इंग्लंड म्हणून खपून जातं. झाडी आणि उजेड बारकाईनं पाहिलात तर पश्चिम किनारा डोकावतो, पण तेवढं चालतं. टेकडीवरचं मार्स्टन हाउस म्हणजे निव्वळ दर्शनी भाग, मालिकेसाठी उभारलेला. खर्च सुमारे १ लाख डॉलर. आतला भाग स्टुडिओतला सेट, त्याला आणखी ७० हजारांच्या आसपास. एकूण अंदाजपत्रक ४० लाखांचं होतं, त्यात एका घरावर एवढा पैसा म्हणजे ते घर पात्र म्हणूनच धरलेलं होतं.

बाहेर आणि आत वेगळ्या जागा असल्यानं एक गंमत होते. बाहेरून घराचा जो आकार दिसतो त्यात आतला जिना, दिवाणखाना आणि तळघर बसवायचा प्रयत्न करा. बसत नाहीत. आत भिंतींचा गिलावा सुटलेला, पिसं, घाण, जनावरांची भुसा भरलेली मुंडकी. बाहेर नुसतं पडीक घर आणि आत सडलेलं पोट. डॉ. नॉर्टनचा शेवट त्याच भिंतीवरच्या शिंगांवर होतो. स्ट्रेकर त्यांना उचलून नेतो तेव्हा कॅमेरा जखमेवर रेंगाळत नाही, उचलण्याच्या ताकदीवर राहतो. साठी उलटलेला, सूटबूट घातलेला माणूस एका धडधाकट पुरुषाला सामानासारखा उचलतो, तिथेच त्याच्यात काहीतरी माणसापलीकडचं आहे हे कळतं. मग बेन त्याच्यावर एकामागून एक गोळ्या झाडतो आणि तो पुढे येतच राहतो.

पुस्तकाशी इथे मोठी फारकत आहे. तिथे बार्लोची शवपेटी शेवटी ईव्हा मिलरच्या खाणावळीच्या तळघरात सापडते, आणि जिमी कोडी पायऱ्या काढून खाली रोवलेल्या सुऱ्यांवर पडून मरतो. स्ट्रेकरला तर मार्कच्या हातून मार खाल्ल्यावर त्याचा मालकच संपवतो. मालिका सगळं मार्स्टन हाउसमध्ये आणते. ज्या घराकडे तीन तास बोट दाखवलं, शेवट तिथेच व्हायला हवा हा दृश्यमाध्यमाचा हिशेब बरोबर आहे. पण सुऱ्यांचा सापळा गेला याची चुटपुट लागतेच.

पेटीचा प्रसंग विसरू नका. ट्रकमध्ये ठेवलेलं मोठं खोकं, त्यातून येणारी थंडी, आणि ते आपोआप पुढे सरकत चालकाच्या पाठीशी येणं. यात खर्च जवळपास शून्य. दोन नट, एक खोकं, आणि मागून ढकलणारं कुणीतरी. तरी मालिकेतल्या पहिल्या पाच प्रसंगांत मी तो घालेन.

नटांच्या यादीत एक नजरेआड होणारी जोडी: ईव्हा मिलर झालेली मारी विंडसर आणि वीझल झालेला एलिशा कुक ज्युनियर. दोघं स्टॅन्ली कुब्रिकच्या १९५६च्या 'द किलिंग'मध्ये नवरा-बायको होते. ज्यानं कुणी ही निवड केली त्याला जुने चित्रपट पाठ असणार.

---

कातरवेळ

मनापासून धन्यवाद. १७६ चं कोडं सुटलं, प्रत योग्य आहे.

दोन उपप्रश्न. बेनची प्रेयसी सुझन, तिचं काय? पुस्तकात बेन तिच्या छातीत खुंट ठोकतो तो भाग मालिकेत जागेवर नाही असं पुसटसं आठवतं. आणि तीन तास एका बैठकीत होणार नाहीत, तर मध्ये कुठे थांबावं?

---

अडगळ

सुझनच्या बाबतीत मालिका पुस्तकाच्या वरचढ ठरते, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं.

पुस्तकात सुझन मध्यानंतर लगेच व्हँपायर होते आणि बेनला मार्स्टन हाउसच्या तळघरात तिच्यात खुंट ठोकावा लागतो. पुढे बरंच पुस्तक उरतं, त्यामुळे त्या घावावर इतर घटनांची पुटं चढतात. मालिका तिला शेवटाच्या सुमारास घरात हरवते आणि तिचं काय झालं ते सांगत नाही. घर पेटतं, वारा आग गावाकडे नेतो, बेन आणि मार्क निघून जातात.

आता सुरुवात आठवा. मालिका उघडते ती ग्वाटेमालातल्या एका चर्चमध्ये. दाढी वाढलेला बेन आणि मार्क छोट्या बाटल्यांत पवित्र पाणी भरतायत, एक बाटली उजळायला लागते, म्हणजे 'ते' माग काढत आले. (पुस्तकात ही जागा मेक्सिकोतली, आणि उजळणारी बाटली अशी खूण तिथे नाही.) मग आपण दोन वर्षं मागे जातो. शेवटी परत तिथे आल्यावर कळतं की माग काढणारी कोण. ती पलंगावर आहे, सुंदर दिसते, प्रेमानं बोलते. मुलाला खिडकीशी जी चूक करायला लावली तीच चूक करायचं आमंत्रण आता मोठ्या माणसाला आहे. आणि बेनला नियम माहीत आहेत, म्हणून तो वाचतो आणि म्हणूनच उद्ध्वस्त होतो.

पहिला प्रसंग पाहताना बेनचा चेहरा लक्षात ठेवा. डेव्हिड सोलचं काम मधल्या भागात मला कोमट वाटतं, पण या दोन टोकांना तो थकवा खरा आहे.

---

पारावरचा_मुंजा

थांबायची जागा: डॅनीच्या दफनानंतरचा माइक रायर्सनचा प्रसंग. थडगं बुजवताना त्याला पेटीतल्या डोळ्यांचा भास छळतो, तो खड्ड्यात उडी मारतो, झाकण फोडतो. जेफ्री लुईसनं हे जवळजवळ एकही शब्द न बोलता केलंय. तिथे टीव्ही बंद करा. साधारण निम्मी मालिका होते, आणि दूरचित्रवाणीवर आठवडाभर ताटकळत ठेवण्यात जी मजा होती तिचा थोडा वाटा मिळतो.

दुसऱ्या दिवशी तोच माइक बर्कच्या घरी, वरच्या खोलीतल्या झुलत्या खुर्चीत भेटेल. तो प्रसंग दिवे घालवून पाहा. खुर्चीचा आवाज संगीताच्या आधी ऐकू येतो.

एक चूक टाळा: दुसऱ्या दिवशी सुरू करताना आठवण म्हणून आधीच्या दिवसाची दहा मिनिटं परत पाहू नका. मालिकेची लय संथ आहे. उजळणीनं ती रटाळ वाटते आणि दोष मालिकेला जातो.

---

शिळोप्याच्या_गप्पा

उशिरा आलो. इतर रूपांतरांशी ताडून पाहायचं असेल तर थोडक्यात:

२००४ची दोन भागांची मालिका टीएनटी वाहिनीची. रॉब लो, डोनल्ड सदरलंड, आणि रुटगर हाउअरचा बोलणारा बार्लो. बार्लोला वाचा हवी म्हणणाऱ्या अडगळ यांनी ती पाहावी आणि मग ठरवावं. कॅलहनला (जेम्स क्रॉमवेल) तिथे जास्त जागा आहे, पण तो धागा पुस्तकापासून बराच दूर जातो. चित्रीकरण ऑस्ट्रेलियात.

२०२४चा चित्रपट दोन तासांहून कमी. बार्लोचं रूप १९७९च्याच वळणावर आहे, म्हणजे मुंजा यांचा पक्ष तूर्त पुढे. गावाला मात्र श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही. माणसं ओळखीची व्हायच्या आत व्हँपायर होतात, मग कुणासाठी हळहळायचं?

बीबीसी रेडिओची १९९५ची सात भागांची श्राव्य मालिकाही आहे. गावाचा गलबला पुस्तकाच्या सगळ्यात जवळ तीत येतो, कारण आवाजाला सेट बांधावे लागत नाहीत.

१९८७चा 'रिटर्न' नाव लावणारा लॅरी कोहेनचा चित्रपट पुस्तकाचा पुढचा भाग समजून लावू नका. नाव आणि गाव सोडलं तर संबंध फारसा नाही.

अवांतर: नारायण धारपांची 'लुचाई' याच कादंबरीवर बेतलेली आहे. ती आधी वाचली असेल तर खिडकीच्या प्रसंगाला तुमच्या डोक्यात आधीच एक वाडा आणि एक काळोख तयार असतो, आणि हूपरचं धुकं त्याच्यापुढे सुरुवातीला पातळ वाटतं. अर्धा तास द्या, बसतं.

---

जुनं_रीळ

@शिळोप्याच्या_गप्पा, रेडिओ मालिकेची आठवण छान काढलीत. बार्लोचा आवाज तिथे डग ब्रॅडलीचा आहे.

@कातरवेळ, एक राहिलं. सलग आवृत्तीत जाहिरातींच्या जागा तशाच जाणवतात: ताण चढतो, प्रसंग तुटतो, पुढचा तुकडा निवांत सुरू होतो. संकलन फसलं असं वाटू देऊ नका. पटकथाकार पॉल मोनाशनं प्रत्येक तुकडा मुद्दाम टांगता सोडलाय. त्या जागी अर्धा मिनिट थांबवलंत तरी चालेल. पुढे ढकलण्याचं बटण मात्र दाबू नका. निवांत तुकड्यांतच गावातली माणसं एकेक करून दिवसा दिसेनाशी होतात, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही.